तलवार गेली, वार उरला

मिर्झाराजे जयसिंह म्हटलं की आपल्याला १६६५चा पुरंदरचा तह आठवतो. त्यांच्याच वंशजाने १७२७ मध्ये वसवलेल्या जयपुरात, सिटी पॅलेसच्या सिलेहखान्यात, कट्यारींसमोर जरा वेळ थांबावं. कट्यारीची मूठ तलवारीसारखी नसते. दोन समांतर पट्ट्यांमधल्या आडव्या दांड्या मुठीत धरल्या की पातं थेट मनगटाच्या रेषेत पुढे येतं. मारायचा तो ठोसाच, फक्त बोटांच्या पुढे वीत-दीड वीत पोलाद! आपल्या दांडपट्ट्यात हीच कल्पना कोपराकडे सरकली. हात लोखंडी खोबणीत, मनगटाला वळायला जागा नाही. म्हणून पट्टेकरी खांद्यातून, कमरेतून फिरतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात ते आजही दिसतं.

आपल्याकडे हत्यार असं हाताला जडलं. जपानमध्ये ते हातातून सुटलं, पण वार तसाच राहिला.

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी १९१५ मध्ये होक्काइदोत सोकाकू ताकेदांकडून दाइतो-र्यू जुजुत्सूचे धडे घेतले. पुढे त्यातून त्यांची स्वतःची कला घडली आणि १९४० च्या दशकात तिला आयकिडो हे नाव मिळालं. तिच्यातले मुख्य आघात बघा. ‘शोमेन-उची’ म्हणजे हाताची कड वरून सरळ टाळूवर, ‘योकोमेन-उची’ म्हणजे तिरकी कानशिलावर किंवा मानेवर, आणि ‘त्सुकी’ म्हणजे सरळ पोटात भोसकणं. पाहणाऱ्याला वाटतं, रस्त्यावर असं कोण मारतं? शंका रास्त आहे. पण त्याच हातात मनातल्या मनात तलवार द्या, सगळं जागच्या जागी बसतं. पाऊल असं का पडतं, दोघांत इतकं अंतर का, सरळ मागे न हटता तिरकं आत का शिरायचं, ही सारी पात्याची गणितं आहेत.

याहून नवल वाटतं ते बचाव करणाऱ्याच्या आघाताचं. आयकिडो म्हणजे अहिंसक, गोल गोल फिरणं, अशी तिची ख्याती. पण प्रत्यक्ष लढतीत सत्तर टक्के काम आघाताचं, उरलेलं तंत्राचं, असं उएशिबांचं मत त्यांचे शिष्य गोझो शिओदा यांनी नोंदवून ठेवलं आहे. या आघाताला ‘अतेमी’ म्हणतात. तो लागलाच पाहिजे असं नाही. डोळ्याने पाहून शरीराने हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चेहऱ्याकडे हात झेपावला की पापणी मिटते, मान मागे जाते, वजन टाचांवर येतं आणि मनगटावरची पकड ढिली पडते. फेक बसते ती त्या क्षणी. कबड्डीत चढाईपटू हूल देऊन बचावफळीचा तोल बिघडवतो, तसंच हे.

सरावात वार करणारा ‘उके’. शेवटी पडायचं त्यालाच, तरीही वार खरा करायची जबाबदारीही त्याचीच. लागू नये म्हणून त्याने भिडेखातर हात कानाजवळून नेला, तर समोरच्याला वळवायला वेगच मिळत नाही. मग दोघं मिळून एक देखणा नाच करतात. आयकिडोवर होणारी टीका मला इथे पटते. दोष फेकीत शोधला जातो, पण बऱ्याचदा तो आधीच्या मिळमिळीत वारात असतो.

आणि लाथा? त्या असतात, पण क्वचित. नंग्या तलवारीसमोर एका पायावर उभं राहणं म्हणजे स्वतःच तोल देऊन टाकणं. शिवाय या कलेची बरीच तंत्रं गुडघ्यांवर बसून करायची. सरावातली अडचण मात्र वेगळीच आहे. ‘माए-गेरी’, म्हणजे समोरची सरळ लाथ, चुकवून आत शिरलं की मारणारा एका पायावर सापडतो आणि पाठीवर धाडकन आदळतो. मनगट धरून फेकताना त्याला सावरून खाली नेता येतं, इथे तशी सोय नाही. त्यामुळे शिक्षक आधी पडायला शिकवतात, लाथ मागाहून. काही ठिकाणी ती शिकवायची वेळच येत नाही, आणि तिथला विद्यार्थी कराटेवाल्यासमोर उभा राहिला की त्याची नजर समोरच्याच्या हातांवरच खिळलेली असते.