साखरेचा एक कण आणि किलोभर कॅल्शियम

प्रौढ बाईच्या अंगात साधारण १ किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत नि दातांत. रक्तात मात्र डेसिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढंच चालतं. १२ झालं की डॉक्टर सावध होतात. १४ च्या पुढे जिवाशी गाठ.

या कोठारावर पहारा असतो गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा. त्या बहुधा चार असतात, एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. त्यांचं हार्मोन पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. गरोदर बाईच्या ४ लिटर प्लाझ्मात मिलिलिटरमागे ३० पिकोग्रॅम धरले, तर सगळं मिळून होतो ग्रॅमच्या दशलक्षांशाचा जेमतेम आठवा भाग. साखरेच्या एका कणाएवढ्या हार्मोनात काही हजार बायकांची त्या घडीची गरज भागेल! ग्रंथी इतक्या बारीक, की त्या आधी सापडल्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात, १८५० च्या सुमारास. माणसात त्या नीट ओळखायला १८८० उजाडलं.

यातल्या एकीत गाठ झाली, बहुतेकदा साधीच, कॅन्सरची नव्हे, की हार्मोनला धरबंध राहत नाही आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरू लागतं. मळमळ, बद्धकोष्ठ, थकवा, सारखी तहान. दिवस गेलेल्या बाईने हे सांगितलं तर घरचे म्हणणार, ‘होतंच गं असं.’ त्यात आपल्याकडे चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या रोज द्यायची पद्धत. एरवी ती चांगलीच. इथे त्या आधी थांबवाव्या लागतात.

पोटातलं बाळ मात्र नकळत आईला हात देत असतं. शेवटच्या महिन्यांत ते रोज ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम ओढतं, आणि आईच्या सगळ्या प्लाझ्मात मिळून असतं जेमतेम ४०० मिलिग्रॅम.

उपचारांत पहिलं सलाइन, लिटरांवर लिटर. मग कॅल्शियम उतरवणारी औषधं. त्यांतलं कॅल्सिटोनिन वार ओलांडत नाही म्हणून बाळाच्या दृष्टीने बरं, पण दोनेक दिवसांत त्याचा जोर ओसरतो. बिस्फॉस्फोनेट वार ओलांडून बाळाच्या हाडांत वर्षानुवर्षं बसू शकतं, त्यामुळे ते नाइलाज झाल्यावरच. कायमचा इलाज म्हणजे गाठ काढणं, शक्यतो मधल्या तिमाहीत. तेव्हा बाळाचे अवयव घडून झालेले असतात आणि अकाली कळांची भीतीही कमी. हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं. म्हणून गाठ काढल्यावर १० मिनिटांनी रक्त तपासतात. पातळी निम्म्याहून खाली आली तर नेमकी गाठ निघाली असं धरून चालतात.

गाठ तशीच राहिली तर बाळंतपणानंतरचे दिवस जास्त घातक. नाळ कापली, ओढ थांबली, की आईचं कॅल्शियम उसळू शकतं. बाळाचं नेमकं उलट: आईकडून मुबलक मिळत असल्याने त्याच्या ग्रंथी निजलेल्याच, म्हणून त्याचं कॅल्शियम घसरतं, झटके येऊ शकतात. अशा वेळी आईचं कॅल्शियम उतरवायला सलाइन आणि बाळाला शिरेतून कॅल्शियम, दोन्ही एकाच दिवशी चालू असू शकतं.