सरासरी माणूस आणि सव्वा कोटींची मुंबई

विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या रोगांच्या प्रसाराचा गणिती सिद्धान्त प्रसिद्ध केला, तेव्हा समीकरणे पडताळून पाहण्यासाठी त्यांनी वापरलेली आकडेवारी मुंबईची होती : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात शहरात प्लेगने दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंची. या सिद्धान्ताच्या सोप्या रूपात लोकसंख्येचे तीन गट कल्पिलेले असतात, ते म्हणजे रोग होऊ शकेल असे लोक, बाधित लोक आणि बरे झालेले वा दगावलेले लोक. कोणत्याही बाधिताचा शहरातल्या कोणत्याही माणसाशी संपर्क येण्याची शक्यता सारखीच धरलेली असते, आणि त्यामुळे गिरगावातील चाळ व मलबार हिलवरील बंगला यांतला भेद गणितात उरत नाही. तरीही समीकरणातून निघालेला वक्र मृत्यूंच्या प्रत्यक्ष वक्राशी चांगलाच जुळला, आणि तोही मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाकडे नव्हे, तर मुख्यतः उंदीर व पिसवांमार्फत पसरत असताना. वक्र जुळणे आणि कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

सरासरी माणूस कल्पून केलेले गणित अनेक ठिकाणी पुरेसे ठरते. परंतु जेथे माणसे परस्परांकडे पाहून वागतात, जेथे एकाच्या हालचालीने शेजाऱ्याची परिस्थिती बदलते आणि शेजाऱ्याच्या प्रतिसादाने पहिल्याची, तेथे सरासरी घेताना नेमका महत्त्वाचा भागच गळून पडतो. अशा व्यवस्थांना जटिल व्यवस्था म्हणतात, आणि त्यांच्या अभ्यासासाठी गेल्या अर्धशतकात रूढ झालेली पद्धत म्हणजे बहु-एजंट प्रतिमान. प्रतिमान म्हणजे वास्तवाची अभ्यासापुरती केलेली सोपी मांडणी. एजंट म्हणजे तीत स्वतःपुरता निर्णय घेणारा घटक, मग तो माणूस असो, मोटार असो, शेतकरी कुटुंब असो की मुंगी. प्रत्येक एजंटाजवळ स्वतःविषयीची थोडी माहिती, आसपासचे मर्यादित ज्ञान आणि वागण्याचे मोजके नियम असतात. संपूर्ण व्यवस्थेने कसे वागावे हे मात्र संगणकाला कोठेही सांगितलेले नसते. ते हजारो एजंटांच्या परस्परक्रियेतून घडत जाते, आणि कोणाही एका घटकात नसलेला असा गुणधर्म समूहात प्रकटणे यालाच उद्भव म्हणतात. काही निर्णयांत यदृच्छेलाही वाव ठेवलेला असल्याने प्रत्येक खेपेला उत्तर थोडे वेगळे येते, म्हणून तोच प्रयोग पुनःपुन्हा चालवून उत्तरांचा पल्ला पाहावा लागतो.

या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संगणकाशिवायही पाहता येते. अमेरिकी शहरांत गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या वस्त्या इतक्या काटेकोरपणे विभक्त का होतात, या प्रश्नाचा विचार करताना अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी चौकटी आखलेल्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडली आणि काही चौकटी रिकाम्या ठेवल्या. नियम एकच : भोवतालच्या चौकटींत राहणाऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश शेजारी आपल्या प्रकारचे नसतील, तर त्या नाण्याने समाधानकारक अशा रिकाम्या जागी हलावे. हा नियम असहिष्णू म्हणता येणार नाही, कारण दोन तृतीयांश शेजारी परके असले तरी तो माणूस समाधानी असतो. आणि तरीही खेळ थांबतो तेव्हा पट एकजिनसी पुंजक्यांत विभागलेला दिसतो. अशाच नियमांवर चालणाऱ्या संगणकीय आवृत्त्यांत तीस टक्के सजातीय शेजाऱ्यांची अपेक्षा ठेवली, तर शेवटी हे प्रमाण सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. याचे कारण साखळीत आहे : एक कुटुंब उठून गेले की मागे राहिलेल्या त्याच्या सजातीयांचे प्रमाण घटते आणि त्यांपैकी एखादे मर्यादेखाली जाऊन तेही निघते, शिवाय नव्या जागी त्याच्या येण्याने दुसऱ्या प्रकारचा एखादा शेजारी अस्वस्थ होतो. शेलिंग यांचा या विषयावरील विस्तृत लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ साली त्यांना रॉबर्ट औमान यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मात्र संघर्ष आणि सहकार्य यांच्या विश्लेषणासाठी.

या प्रतिमानाचा एक सोयीस्कर अर्थही लावला जातो, तो असा की वस्त्यांच्या विभाजनाला कोणीच जबाबदार नाही. प्रतिमान तसे सांगत नाही. कृष्णवर्णीयांना घरे आणि गृहकर्जे नाकारण्याचा अमेरिकेतील इतिहास लेखी पुराव्यांनी सिद्ध आहे. शेलिंग यांनी दाखविले ते एवढेच की असा भेदभाव उद्या पूर्णपणे थांबला, तरी केवळ सौम्य पसंतीही विभाजन टिकवून धरण्यास पुरेशी ठरू शकते. पुरेसे कारण आणि प्रत्यक्ष घडलेले कारण यांतील हे अंतर या पद्धतीचे प्रत्येक निष्कर्षवाक्य वाचताना लक्षात ठेवावे लागते. क्वचित प्रत्यक्ष प्रयोगाने हे अंतर कमी करता येते : १९९२ साली काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांच्या वाहतूक-प्रतिमानात कोणताही अडथळा नसताना कोंडी निर्माण होत होती, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी समान वेगाने चालविण्यास सांगितल्या असता खरोखरच तशी कोंडी उद्भवली आणि मोटारींच्या उलट दिशेने मागे सरकत राहिली.

करोनाच्या साथीत साथींचे गणित पुन्हा मुंबईकडे वळले, या वेळी एजंटांच्या पद्धतीने. २०२० मध्ये मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बेंगळुरूतील भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी, संदीप जुनेजा आणि राजेश सुंदरेशन यांच्या पुढाकाराने, दोन्ही शहरांची एजंटाधारित प्रतिमाने तयार केली. मुंबईच्या प्रतिमानात शहराची सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्या संगणकात एकेका व्यक्तीच्या रूपाने वसविण्यात आली. प्रत्येकाला वय, घर आणि यथास्थिती शाळा किंवा कामाचे ठिकाण देण्यात आले. रोग घरात, कामावर, वस्तीत आणि लोकल गाडीच्या डब्यात वेगवेगळ्या गतीने पसरेल अशी योजना होती. आणि झोपडपट्ट्यांतील दाट संपर्क इतर वस्त्यांपासून वेगळा हिशेबात घेतलेला होता. हा भेद किती निर्णायक होता, हे त्याच वर्षी जुलैमध्ये महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत केलेल्या रक्ततपासणीने दाखविले : झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. दोहोंची सरासरी काढली तर येणारा आकडा शहराच्या कोणत्याच भागाचे वर्णन करीत नाही.

अशा प्रतिमानाचा खरा उपयोग भविष्यकथनापेक्षा तुलनेत अधिक आहे. कार्यालयांत एक तृतीयांश उपस्थिती ठेवली तर काय, लोकल सुरू केल्या तर रुग्णालयांवर किती भार येईल, मुखपट्टीचे पालन कमी झाले तर फरक किती पडेल, हे प्रश्न प्रत्यक्ष शहरावर प्रयोग करून सोडविता येत नाहीत. संगणकातील शहरावर ते शंभरदा विचारता येतात. उलट, नियमांत जे घातलेले नाही ते उत्तरात येणे शक्य नसते, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीपेक्षा कितीतरी अधिक आकडेवारी हाताशी असूनही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आढळलेले विषाणूचे नवे प्रकार २०२० च्या कोणत्याही मांडणीत आधीच बसविता येण्याजोगे नव्हते.

नियम जितके अधिक, तितकी प्रत्यक्ष आकड्यांशी जुळवून घेण्याची मुभा अधिक, हा या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि त्याचे एक उदाहरण पुरातत्त्वातून मिळते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या लाँग हाउस खोऱ्यात राहणारे, पुरातत्त्वज्ञांच्या जुन्या परिभाषेत अनासाझी म्हणून ओळखले जाणारे मका पिकवणारे समाज इ. स. १३०० च्या सुमारास खोरे सोडून गेले. रॉबर्ट अ‍ॅक्सटेल, जोशुआ एप्स्टाइन आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात प्रत्येक एजंट म्हणजे पाच माणसांचे एक कुटुंब होते, प्रत्येक माणसाला वर्षाला १६० किलो मका लागे, आणि झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयांवरून जुन्या दुष्काळांचा अंदाज घेऊन दरवर्षीचे पीक ठरविलेले होते. लोकसंख्येचा चढउतार उत्खननाशी बराच जुळला. मात्र संगणकातील खोरे १३०० नंतर पूर्णपणे ओस पडले नाही. जमीन थोड्या कुटुंबांना पोसू शकत होती, तेव्हा केवळ दुष्काळाने सर्वांचे जाणे स्पष्ट होत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला, आणि हे न जुळणेच त्या अभ्यासाची मोठी कमाई ठरली. पुढे मार्को यान्सेन यांनी हे प्रतिमान नव्याने उभारून तपासले, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी दाखविले की लोकसंख्येच्या वक्राची जुळणी मुख्यतः खोऱ्याच्या धारणक्षमतेतील, म्हणजे तेथील जमीन किती कुटुंबांना पोसू शकते यातील, बदलांमुळेच येते आणि कुटुंबांच्या निर्णयांचे तपशील तीत फारशी भर घालीत नाहीत.