विझलेली भट्टी

वेल्समधील दिनॉर्विक येथील स्लेटच्या खाणी 1969 साली बंद पडल्या आणि तेथील चिमुकली वाफेची इंजिने लिलावात निघाली. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीने घडविलेली ही इंजिने दोन फुटांहूनही अरुंद रुळांवर धावत. वजन सात टनांच्या आसपास. भंगारात जावयाची ती हौशी मंडळींनी विकत घेतली आणि घरामागच्या शेडमध्ये फावल्या वेळी दुरुस्तीस काढली.

हौसेला मोल नसते, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण काम तपशिलात पाहिले म्हणजे त्यामागील तपश्चर्या ध्यानी येते. बॉयलर चौकटीवरून उतरवावयाचा, जुन्या नळ्या उपसावयाच्या, अग्निपेटीचा एकेक स्टे ठोकून पाहावयाचा, गंजाने पातळ झालेला पत्रा हुडकावयाचा. मग नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून परीक्षा. पाणीच का? तर पाणी दाबाने फारसे आकसत नाही. जोड निसटला तरी गळती होते, स्फोट होत नाही. त्यानंतरच निरीक्षकासमोर वाफ धरावयाची. एवढे करूनही दहा वर्षांनी बॉयलर पुन्हा उघडावा लागतो. येथे हौशीलाही कायद्याची सूट नाही, आणि ते योग्यच होय.

हा वारसा आम्हांस परका नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली अडीच फुटी रुळांवर सुरू झाली. 1907 साली खुल्या झालेल्या नेरळ-माथेरान मार्गासाठी ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीने घडविलेल्या इंजिनांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकत. म्हणूनच ती घाटातील अवघड वळणे लीलया घेत. आज त्यांतील एक इंजिन नेरळला शोभेसाठी उभे आहे. त्याला रंग मिळतो, हार मिळतो. वाफ मात्र मिळत नाही.

आमची चिंता लोखंडाची नाही. लोखंड आणखी पन्नास वर्षे टिकेल. रिव्हेट लाल तापवून बसविणारा, हातोडीच्या नादावरून तुटलेला स्टे ओळखणारा कारागीर तेवढा टिकणार नाही. ही विद्या पुस्तकात उतरत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. प्रत्येक शोभेच्या इंजिनात आग पेटावी, असा आमचा हट्ट नाही. परंतु निदान एक इंजिन निवृत्त फिटर आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुले यांच्या हवाली करावे, निरीक्षकाच्या देखरेखीखाली ते उघडू द्यावे. रेल्वेला यात फारसे गमवावे लागणार नाही. वेल्समध्ये जे खासगी माणसांनी पदरमोड करून साधले, ते एवढ्या मोठ्या खात्याला अशक्य असावे काय? जाणते हात आहेत तोवरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.