तांबड्या मातीच्या आठवणी

पुण्याच्या पेठांतील पांढरपेशें घर आणि कुस्तीचा आखाडा यांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या, विशेषतः वाचकभगिनींच्या, मनांत येईल. पुस्तकें, परीक्षा आणि फार तर नाटकाचीं तिकिटें एवढ्यांत आपल्या घरांचा उत्साह संपतो असा एक समज आहे. तो खरा नव्हे. लोकमान्य टिळकांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष पुस्तकांपेक्षां शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट घरोघर मुलांना सांगण्यांत येते (आणि मुलें तिचा सोयीस्कर अर्थ लावतात!). त्याच्याही पूर्वीं, उत्तर पेशवाईंत, बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हा जागविली. १९२४ सालीं कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलें, तेव्हां आपल्याच घरांतील मुलें तेथें घाम गाळूं लागलीं.

कुस्ती पाहण्याची हौस तर याहून कितीतरी व्यापक होती. आम्ही चुलत भावंडें एका वाड्यांत लहानाचीं मोठीं झालों तो काळ १९६० ते १९७५ च्या दरम्यानचा. आमच्यापैकीं लांग कोणीच चढविली नाहीं; आम्ही सारे निव्वळ पाहणारे. परंतु पाहणारांच्याही दोन जाती असतात, आणि आमच्या घरांत त्या दोन्ही एकाच पंक्तीला जेवावयास बसत. आजोबा मातीचे अभिमानी. धाकटे काका मुंबईस नोकरीला. त्यांचा जीव दारासिंगावर.

आजोबांचें दैवत गामा. १९१० च्या सप्टेंबरांत लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची गांठ पडली, ती हकीगत आजोबा इतक्या वेळां सांगत कीं आजी आंतून पुढचें वाक्य आधींच म्हणून टाकी. झिबिस्को प्रारंभींच खालीं आला आणि त्यानें पोट टेकून जी बैठक मारली ती सोडलीच नाहीं. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उताणा करूं पाहत होता. अखेर कुस्ती बरोबरीत सोडविण्यांत आली. पुढच्या आठवड्यांत पुन्हा लढावयाचें ठरलें होतें, तर झिबिस्को आखाड्याकडे फिरकलाच नाहीं!

"आजोबा, तो इतका वेळ उठलाच कसा नाहीं?" आमच्यांतील एकानें विचारलें.

"उठला असता तर पडला असता," आजोबा म्हणाले. "अठरा वर्षांनीं पतियाळास उठला. मिनिटभरांत आसमान दिसलें त्याला."

ही १९२८ सालची गोष्ट. तिच्यांतच आपल्या कुस्तीचें मर्म आहे. दोन्ही खांदे मातीला लागले कीं कुस्ती चीत. हा नियम पांच वर्षांच्या मुलालाही कळतो. गुणांचा हिशेब नाहीं, आणि जुन्या काळीं घड्याळाचेंही बंधन नसे. पोटावर पडून राहणाऱ्याला जो उलथवूं शकतो तोच खरा मल्ल.

पुण्याच्या आसपासच्या गांवांतून चैत्रवैशाखांत जत्रा भरतात. दुपारीं उन्हें कलतां कलतां कुस्त्यांचा फड सुरू होतो. आजोबा आम्हां नातवंडांना एस्टीनें घेऊन जात. प्रथम रेवड्यांवरच्या कुस्त्या: सहा-सात वर्षांचीं पोरें अंगाला माती चोळून येत आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळींत रेवड्या पडत. मग इनामाचे आंकडे वाढत जात, हलगीचा ठेका चढत जाई, आणि शेवटच्या जोडीच्या वेळीं गांव अगदीं गप्प होई. दोन मल्ल हातांत माती घेऊन एकमेकांच्या अंगावर टाकतात, शड्डू ठोकतात, हाताला हात लावतात. नंतर ढाक, कलाजंग, धोबीपछाड, निकाल, घिस्सा. हीं नांवें आम्हांला शाळेंतील व्याकरणापेक्षां लवकर पाठ झालीं. आमच्या शेजारीं बसलेला एखादा वृद्ध शेतकरी डाव पडण्याच्या आधींच त्याचें नांव उच्चारी. आजोबा त्याला आदरानें "पाटील" म्हणत आणि त्याच्या पिशवींतील भुईमुगाच्या शेंगा निःसंकोचपणें खात. घरीं सोवळ्याचा नियम कडक असलेला हा गृहस्थ तेथें मांडीला मांडी लावून बसे. याची कुजबूज स्वयंपाकघरांत होत असे. पुरुषांपर्यंत ती येत नसे.

एकदां त्यांनीं आम्हांला कोल्हापूरचें खासबाग मैदान दाखविलें. शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनांत ही कल्पना आली, आणि १९१२ मध्यें मैदान खुलें झालें. मधला आखाडा सखल व सभोंवतीं चढती उतरण, त्यामुळें अगदीं मागच्यालाही मल्लाचे पाय दिसतात. आजोबा म्हणाले, राजानें गरिबाच्या डोळ्यांची सोय केली. आमच्या मतें शाहू महाराजांच्या पुष्कळ कामांचें वर्णन याच शब्दांत करतां येईल.

आतां काकांकडे वळूं. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्यें विजेच्या झगझगीत दिव्यांखालीं 'फ्री स्टाइल' कुस्त्या होत. दोरांचें कुंपण, आंत दारासिंग आणि अगडबंब किंगकॉंग. काका दिवाळीला आले कीं तें सारें दिवाणखान्यांत सतरंजीवर करून दाखवीत. किंगकॉंगची भूमिका नेहमीं आमच्यांतील सर्वांत लठ्ठ भावाकडे येई. आजोबा वर्तमानपत्रांतून मान वर न काढतां एकच शब्द उच्चारीत: "नुरा." आधीं संगनमतानें निकाल ठरवून केलेल्या लुटुपुटीच्या कुस्तीला हा शब्द आहे. धंदेवाईक कुस्त्यांत असा प्रकार चाले हें आज जगजाहीर आहे. त्या वेळीं मात्र काकांचा चेहरा उतरे आणि आमचाही. पण त्यामुळें दारासिंगाचें बळ खोटें ठरत नाहीं. १९८७ सालीं दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालें आणि तोच दारासिंग हनुमान होऊन घराघरांत आला. आखाड्याचें नांव काढलें कीं नाक मुरडणाऱ्या आमच्या थोरल्या काकू रविवारीं सकाळीं पडद्यावर तो दिसतांच हात जोडीत. तालमीच्या कोनाड्यांत शेंदूर लावलेला मारुती असतोच. तेव्हां ही वाट अगदींच चुकीची नव्हती.

पुण्यानें मोठ्या कुस्त्या पाहिल्या आहेत. महाराष्ट्र केसरीचा मान १९६१ पासून सुरू झाला. १९७० सालीं ती स्पर्धा पुण्यांत भरली आणि कोल्हापूरच्या दादू चौगुले यांनीं ती जिंकली. १९७७ सालीं बेळगांवला हरिश्चंद्र बिराजदार यांनीं दिल्लीच्या सतपाल यांना चीत केलें, त्या रात्रीं आमच्या वाड्यांत पेढे वांटले गेले, आणि ते आजोबांच्या पैशांनीं नव्हे, काकांच्या! पुढें बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत पट्ठे घडवीत राहिले.

खाशाबा जाधवांची आठवण मात्र निराळी आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याकरितां पैसा नव्हता. वर्गणी जमविली गेली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राध्यापकानें मल्लासाठीं घर गहाण टाकावें, हें वाक्य आजोबा फार सावकाश उच्चारीत. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडास बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर ते पोलीस खात्यांत नोकरी करीत राहिले, १९८४ सालीं अपघातांत गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणुकीला जमणारा समाज दुसऱ्या दिवशीं कोठें जातो, याचें उत्तर आम्हांला अद्याप मिळालेलें नाहीं.

शहरांतील तालमींचेंही तसेंच झालें. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. गणपती दिमाखानें मिरवतो, तालीम मात्र नाहींशी झाली. चिंचेच्या तालमीसारखीं कांहीं नांवें टिकून आहेत. हौदाची माती नुसती माती नसते: तींत ताक, तेल, हळद, लिंबू पडतें, ती रोज उकरावी लागते, आणि तिच्यावर मेहनत करणाऱ्याला दूध, तूप, बदाम लागतात. पेठेंतील जागेचे भाव आणि बदामांचे भाव यांच्या कैचींत सांपडलेला वस्ताद काय करील? स्पर्धाही आतां मातीबरोबर गादीवर होतात, गुण मोजले जातात. ऑलिंपिकला जावयाचें तर गादी हवीच. या बाबतींत आम्ही आजोबांच्या पक्षाचे नाहीं.

हा सारा इतिहास सध्यां आमच्या घरांत पुन्हा उकरला जात आहे, त्याला कारण आमच्या पुतण्याची तेरा वर्षांची मुलगी. मार्च २०२३ मध्यें सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनें ती जिंकली. तेव्हांपासून या मुलीनें ध्यास घेतला आहे. तिच्या आईचें म्हणणें, मल्लांचे कान मोडतात. मुलीच्या जातीला तें कसें दिसेल? वडिलांना दहावीची चिंता. आम्हां वडीलधाऱ्यांची बैठक दोनदां बसली आणि दोनदां चहा पिऊन उठली. आमचें मत मुलीच्या बाजूचें आहे, आणि तें आम्हीं बैठकींत स्पष्टपणें सांगितलें. परंतु खरें मत पडलें तें थोरल्या काकूंचें. वय वर्षें नव्वद, ऐकूं कमी येतें. त्यांनीं मुलीला जवळ बोलावून तिचे दंड चांचपले आणि सुनेला म्हणाल्या, "हिच्या वरणावर तूप वाढत जा थोडें. काय तें नंतर ठरवा."

मुलगी सध्यां पहाटे पांचला उठून गच्चीवर बैठका काढते. दीडशेपर्यंत आली आहे.