टाचणीचे छायाचित्र आणि वऱ्हाडातील पाणवठे

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग पसरलेली असून तेथील मेळघाटातून सिपना, गडगा, खंडू, खापरा आणि डोलार या नद्या तापीकडे वाहत जातात, तर या रांगेच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन आहे. या प्रदेशातील बहुतेक पाणी पावसाळी असते आणि ते उन्हाळ्यापर्यंत ठिकठिकाणी आटत जाते. त्यामुळे अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव, अकोला-पातूर मार्गावरील कापशी तलाव, महानजवळील काटेपूर्णा जलाशय आणि गावोगावचे नाले यांचे काठ अनेक लहान जीवांसाठी मोलाचे ठरतात. या काठांवर पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत विपुल दिसणाऱ्या कीटकांमध्ये चतुर आणि टाचण्या प्रमुख आहेत. टाचणीचे चांगले छायाचित्र महागड्या साधनांपेक्षा तिच्या जीवनक्रमाच्या जाणकारीतून मिळते आणि अशा जाणकारीने काढलेले छायाचित्र त्या पाणवठ्याच्या स्थितीचा पुरावाही ठरते.

चतुर आणि टाचणी हे दोन्ही ओडोनाटा या गणातील कीटक असून जगात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. चतुर धिप्पाड असतो, त्याचे मोठे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात आणि बसतानाही तो पंख आडवे पसरून ठेवतो. याउलट टाचणीचे शरीर काडीसारखे बारीक असते, तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना एकमेकांपासून दूर असतात आणि बहुतेक जाती बसताना पंख पाठीवर मिटून घेतात. लेस्टिस या प्रजातीतील टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून बसत असल्यामुळे केवळ पंखांच्या ठेवणीवरून ओळख ठरवणे योग्य नसते. दोन्ही गटांची पिल्ले पाण्यात वाढतात. टाचणीच्या पिल्लाच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर ते गवताच्या काडीवर चढून कात टाकते आणि पंख असलेला कीटक बाहेर पडतो. नुकतीच बाहेर आलेली टाचणी फिकट व मऊ असते, तिचे पंख सहज दुमडतात, म्हणून अशा वेळी तिच्या काडीला हात न लावणे हा छायाचित्रकाराचा पहिला संयम होय.

कीटकांच्या शरीराचे तापमान मुख्यतः सभोवतालच्या हवेवर आणि उन्हावर अवलंबून असल्यामुळे पहाटेच्या गारव्यात टाचणीला चटकन उडता येत नाही. ती गवतावर स्थिर बसलेली असते, अंगावर दव साचलेले असते आणि सूर्याचा तिरपा प्रकाशही सौम्य असतो. छायाचित्रणास हीच वेळ सर्वांत सोयीची ठरते. ऊन चढल्यावर नर पाण्यालगतच्या काड्यांवर येऊन माद्यांची वाट पाहतात, तर माद्या बऱ्याचदा पाण्यापासून दूरच्या गवतात राहून मीलनाच्या व अंडी घालण्याच्या वेळी काठावर येतात. म्हणूनच केवळ काठावर फिरणाऱ्याच्या संग्रहात नरांचीच छायाचित्रे अधिक जमतात. माद्या पाहण्यासाठी बांधावरच्या आणि झुडपांखालच्या गवतातही शोध घ्यावा लागतो, आणि अशा गवतात घोणसीसारखे सापही असू शकतात, हे ध्यानात ठेवून उंच बूट घालणे आवश्यक असते.

या कामासाठी मॅक्रो भिंग वापरले जाते, म्हणजे कीटकाची जवळून मोठी प्रतिमा देणारे भिंग. एकास एक या प्रमाणात वीस मिलिमीटर लांबीच्या कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावरही वीस मिलिमीटरच पडते. अशा जवळिकीची अडचण म्हणजे क्षेत्रखोली, अर्थात चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, अत्यंत कमी होते. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यात प्रकाशछिद्र एफ/११ ठेवूनही एकास एक प्रमाणात ती जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास राहते आणि प्रमाण अर्ध्यावर आणल्यास सुमारे चार मिलिमीटरपर्यंत वाढते. छिद्र याहून फार लहान केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, संपूर्ण चित्रच किंचित अस्पष्ट होते. यावरचा खरा उपाय कोनात आहे. टाचणीचे शरीर लांब व सरळ असल्यामुळे कॅमेऱ्याचा संवेदक तिच्या शरीराला समांतर धरला, तर डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सारे एकाच पातळीत येते. दुपारच्या कडक उन्हात चकाकी टाळण्यासाठी फ्लॅशवर पांढरा कागद किंवा कापड लावून प्रकाश मऊ करता येतो, आणि कॅमेऱ्याचे मॅक्रो भिंग नसल्यास मोबाइलवर बसवता येणाऱ्या लहान मॅक्रो भिंगानेही सुरुवात होऊ शकते. जवळ जाताना मात्र हालचाल सावकाश असावी, टाचणीवर स्वतःची सावली पडू देऊ नये, आणि ती काडीमागे सरकून लपू लागली तर तिला धोका जाणवला आहे असे समजून थांबावे.

कडेने घेतलेले असे चित्र शास्त्रासाठीही उपयोगी असते, कारण टाचणीच्या जाती ओळखण्यासाठी छातीवरील पट्टे, पंखाच्या कडेवरील गडद ठिपका, पोटाच्या दहा खंडांवरील रंगांची मांडणी आणि नराच्या पोटाच्या टोकावरील चिमट्यासारख्या उपांगांचा आकार पाहावा लागतो. उदाहरणार्थ, सेरियाग्रिऑन कोरोमांडेलियानम या सर्वसामान्य जातीच्या नराचे पोट पिवळे असते, तर इश्नुरा सेनेगॅलेन्सिसच्या नरात काळसर पोटाच्या टोकाजवळ ठळक निळा भाग दिसतो. अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया ही अतिशय लहान टाचणी असून तिची मादी काही वेळा तांबूस दिसते. रंग वयानुसार बदलत असल्यामुळे एकच छायाचित्र पुरेसे नसते. वरून, कडेने आणि शेपटीच्या टोकाचे जवळून अशी चित्रे, तसेच तारीख आणि ठिकाण यांची नोंद एकत्र ठेवल्यास ओळख निश्चित होण्याची शक्यता वाढते.

भारतीय चतुर-टाचण्यांच्या अभ्यासाचा पाया फ्रेडरिक फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांनी घातला. विदर्भात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील डॉ. रेमंड अँड्र्यू यांनी या कीटकांच्या प्रजननावर अभ्यास केला, आणि त्यांनी के. ए. सुब्रमण्यन व आशिष टिपले यांच्यासह लिहिलेले मध्य भारतातील सामान्य चतुर-टाचण्यांचे मार्गदर्शक पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ मध्ये टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी महाराष्ट्रातील जातींची यादी प्रसिद्ध करून त्यात १३४ जाती नोंदवल्या. अशा याद्या एकट्या संशोधकाच्या पायपिटीने पूर्ण होत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यात फिरणाऱ्या छायाचित्रकारांच्या, ठिकाण व तारीख असलेल्या नोंदी त्यांत सतत भर घालू शकतात.

कॅमेरा घेऊन शेताच्या बांधावर गेल्यास इतर कीटकांचेही मोठे विश्व सापडते. कपाशीच्या पानामागे मावा, तुडतुडे आणि फुलकिडे असतात, तर त्यांच्यावर उपजीविका करणारे ढालकिडे व क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्याही तेथेच आढळतात. उडत्या लहान कीटकांना पकडणाऱ्या टाचण्याही याच मित्रकीटकांच्या बाजूने उभ्या असतात. मित्र आणि शत्रू यांतील फरक जवळून काढलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसत असल्यामुळे विनाकारण फवारणी टाळण्याच्या शेतीशिक्षणात अशा चित्रांचा उपयोग सहज होऊ शकतो.

पाण्याचा प्रश्न याहून खोल आहे. टाचणीची मादी आपली अंडी सामान्यतः जिवंत किंवा कुजणाऱ्या वनस्पतीच्या पेशीजालात खुपसून ठेवते, म्हणून कमळ, गवत व शेवाळ असलेला काठ तिला लागतो. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या, काठी हिरवळ नसलेल्या शेततळ्यात भरपूर पाणी असले तरी तिच्यासाठी जागा नसते. तलावाचे सौंदर्यीकरण करताना काठावर सिमेंटची भिंत बांधून गवत काढून टाकले, तरीही हेच घडते. म्हणून एकाच तलावाच्या काठी वर्षानुवर्षे त्याच हंगामात काढलेली छायाचित्रे तेथे कोणत्या जाती टिकल्या आणि कोणत्या दिसेनाशा झाल्या, याचा क्रम दाखवतात.

या कामाची नीती साधी आहे: टाचणी पकडून हव्या त्या काडीवर बसवणे, तिला गारठवून निश्चल करणे आणि मीलनातील जोडीला वेगळे करणे टाळावे, तसेच मेळघाट किंवा काटेपूर्णासारख्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नये. कीटकाला न दुखवता मिळालेले, तारीख-ठिकाणासह जपलेले प्रत्येक चित्र पाणवठ्याच्या बाजूने केलेले निवेदन ठरते, आणि वऱ्हाडासारख्या पाणीटंचाईच्या प्रदेशात तलावाच्या हिरव्या काठाचे मोल नगरपालिकेला व ग्रामपंचायतीला पटवून देण्यासाठी असे निवेदन पुष्कळ हातांनी जमवणे गरजेचे आहे.