पंधरा दांड्यांचा शब्द

निगडी, भोसरी किंवा चाकणला एखाद्या बाइकच्या टाकीवर हे अक्षर तुम्हाला दिसलं असेल. काळंभोर, टोकदार, जागोजागी कोन काढलेलं! त्याचं नाव ब्लॅकलेटर. कॉम्प्युटरवर 'ओल्ड इंग्लिश' नावाचा एक फॉन्ट असतो, तो याच घराण्यातला.

हे वळण आलं कुठून? पेनातून! बाराव्या शतकाच्या सुमारास युरोपातले लेखनिक पिसाच्या पेनाने चामड्यावर पुस्तकं लिहीत. पिसाचं टोक सपाट छाटलेलं असे. ते तिरकं धरलं, की एका दिशेची रेघ जाड येते, दुसरीकडची अगदी बारीक. आपल्या बोरूचंही असंच, बरं का! चामडं होतं महाग. मग अक्षरं अरुंद झाली, एकमेकांना खेटून बसली आणि एका ओळीत जास्त मजकूर मावू लागला. १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने जर्मनीतल्या माइन्झ गावी बायबल छापलं, तेव्हा धातूचे खिळेही याच वळणाचे ओतले.

आता वही घ्या आणि इंग्रजीत 'मिनिमम' लिहा, पण लहान लिपीत आणि फक्त उभ्या दांड्यांनी. एमच्या तीन, आयची एक, एनच्या दोन... शेवटपर्यंत मोजा. भरल्या पंधरा? आयवरची टिंबं देऊ नका हं. झालं की नाही कुंपण! कुठलं अक्षर कुठे संपलं, काही कळत नाही. म्हणून लेखनिक आयच्या डोक्यावर एक बारीक रेघ देऊ लागले. आपण आज देतो ते टिंब त्या रेघेतूनच आलं.

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या देशात पुस्तकं, वर्तमानपत्रं कितीतरी पिढ्या याच घराण्यातल्या अक्षरांत छापली जात. १९४१मध्ये तिथल्या सरकारने ती बंद करायला लावली. आता ती उरली आहेत मोजक्या ठिकाणी, पण दिमाखात: प्रमाणपत्रावर किंवा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावरच्या नावात. चार शब्द मोठ्या आकारात लिहायचे तर याच्यासारखं रुबाबदार अक्षर नाही. पानभर वाचायला मात्र डोळे शिणतात.

टाकीवरची ही अक्षरं कापून देणाऱ्या रेडियमच्या दुकानात कधी थोडं थांबून बघा. मशिनचं पातं चिकट कागदावर अक्षर कापतं. मग कारागीर चिमट्याने नको तो भाग सोलून काढतो. जाड दांड्या जागच्या हलत नाहीत, पण बारीक रेघा सोलताना चटकन उचलल्या जातात. त्यामुळे अक्षर छोटं असेल तर फार जपावं लागतं.

तुम्हीही सपाट टोकाच्या मार्करने आपलं नाव या वळणात लिहून बघा. पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल ठेवा, सगळी कॅपिटल घेतलीत तर नाव वाचताच येणार नाही. आणि दादाला सांगा, टाकीवर हवं तर लाव, नंबरप्लेटवर नको. 'एमएच १४'च्या पाटीवर असली नक्षीदार अक्षरं नियमात बसत नाहीत.