जुन्या नौकेचा सागवानी डेक

ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचा सागवानी झोंपाळा आहे, त्यांस सागाची थोरवी निराळी सांगावयास नको. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. इंग्लंडांतील हार्टलपूल येथें ती अद्यापि तरंगत आहे. सागाच्या अंगीं उपजत तेल असल्यामुळें तो सहसा कुजत नाहीं. मग जुन्या नौकांचे सागवानी डेक झिजतात तरी कशानें?

उत्तर मौजेचें आहे. समुद्रापेक्षां मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेनेंच ते अधिक झिजतात. सागाच्या वार्षिक वलयांत कांहीं भाग मऊ, कांहीं कठीण असतो. ताठ ब्रशानें रेषांच्या दिशेनें घासलें, किंवा तीव्र आम्लानें धुतलें, कीं मऊ भाग निघून जातो आणि फळीवर शेतांतल्यासारखे सरी-वरंबे उठतात. ते सपाट करण्यासाठीं काचकागद फिरवावा, तर फळी आणखी पातळ होते.

खरा धोका येथेंच आहे. फळ्यांमधील खांचा उथळ होऊन त्यांतील लुकण सुटतें. स्क्रूंच्या डोक्यांवर बसविलेले लांकडी डाट निखळतात. मग पाणी खालीं झिरपतें आणि डेकखालचें कमी टिकाऊ लांकूड आंतल्या आंत कुजूं लागतें. वरून मात्र डेक स्वच्छच दिसतो!

म्हणून दुरुस्तीचा आरंभ मोजमापानें करावा. खांच खोल करण्याइतकी जाडी उरली असेल, तरच जुनी फळी ठेवावी. सैल डाट काढून स्क्रूचें भोंक किंचित् खोल करावें, आणि नवा डाट फळीच्या रेषांशीं रेषा जुळवून बसवावा. खांचेंतील जुनें लुकण समूळ काढून, खांच कोरडी करून, तळाशीं एक अरुंद फीत घालावी. तिच्यामुळें नवें लुकण तळास न चिकटतां केवळ दोन्ही कडांस धरतें, आणि लांकूड फुगलें-आकसलें तरी तुटत नाहीं. तें पुरतें सुकल्यावरच काचकागद हलक्या हातानें, केवळ गरजेपुरता लावावा.

पुढें निगा सोपी आहे. मऊ ब्रशानें, रेषांस आडवें, खाऱ्या पाण्यानें धुवावें. कालांतरानें येणारा रुपेरी करडा रंग हा दोष नव्हे. तो घालविण्याचा हव्यास धरूं नये.

ही काटकसर आज अधिकच अगत्याची झाली आहे. ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, सरकारी लांकूड-व्यापारावर २०२१ सालीं अमेरिका, ब्रिटन आदि देशांनीं निर्बंध घातले. जुन्या अरण्यांतील तसा दाट रेषांचा साग पुन्हां मिळणें दुर्घट आहे. घासून गेलेला एक मिलिमीटर कोणताही कारागीर परत आणूं शकत नाहीं. जुन्या वस्तूवरचें प्रेम तिला नवी दिसावयास लावण्यांत नसून, तिचें आयुष्य राखण्यांत असतें.